घाटपांडेकाकांची सहाबारी माणसं

घाटपांडेकाकांकडे पहिल्यांदा गेलेल्या माणसाला चहाच्या आधी एक प्रश्न येतो. "छाती ऐकायची का?"

माणूस नवा असला तर त्याला वाटतं, काका डॉक्टर असावेत. तो संकोचून म्हणतो, "नको नको, परवाच चेकअप झालाय." मग काका खुंटीवरचा स्टेथोस्कोप गळ्यात अडकवतात आणि त्याला बेसमेंटमध्ये घेऊन जातात. तिथे हिरव्या फेल्टच्या कापडावर एक रिव्हॉल्व्हर पहुडलेलं असतं. काका स्टेथोस्कोपची चकती त्या रिव्हॉल्व्हरच्या बरगडीला टेकवतात, दुसरं टोक पाहुण्याच्या कानात खुपसतात, रिव्हॉल्व्हरचं तोंड कोपऱ्यातल्या वाळूच्या बादलीकडे करतात आणि हळूहळू चाप ओढतात.

माझ्या वेळी जे झालं ते सांगायला बरं वाटत नाही, पण दुसऱ्याची टर उडवायला बसलोय तर सुरुवात स्वतःपासून केलेली बरी. मी किंचाळलो. गोळी सुटली म्हणून नव्हे, गोळी नव्हतीच. कानात नुसतं 'टिक... टिक... टक्' झालं आणि मी "आई गं!" म्हणत मागच्या वॉशिंग मशीनवर जाऊन बसलो. वर सोफ्यावर बसलेली माझी बायको वैशाली धावत जिन्यापर्यंत आली. काका खालूनच म्हणाले, "काही नाही गं. ह्याचे ठोके ऐकायला स्टेथोस्कोप लागत नाही."

त्या दिवसापासून आमचं जमलं. म्हणजे काका बोलायचे आणि मी दर शनिवारी ऐकायचो.

ओहायोतल्या ह्या डब्लिनमध्ये आम्ही सगळे नोकरीमागे आलो, घरं घेतली, गवत कापायला शिकलो, आणि मग सुट्टीच्या दिवशी करायचं काय, हा प्रश्न पडला. कुणी मॅरेथॉन धावतो, कुणी गराजमध्ये कढीपत्ता जगवतो, कुणी मंडळाच्या निवडणुकीत भांडतो. माझ्या शेजारचे घाटपांडेकाका रिव्हॉल्व्हर जमवतात. तीही कुठलीही नाहीत. डबल अ‍ॅक्शन हवीत, आणि कंपनीनं बनवायची थांबवलेली हवीत. त्यांना कुणी 'बंद पडलेली' म्हणालं तर काका त्याच्या हातातली बिस्किटांची बशी काढून घेतात.

"बंद पडलेली नाहीत. बंद केलेली. मशीन बंद पडतं. हे कुणीतरी मीटिंग घेऊन बंद केलंय. फरक आहे, मंदार."

मंदार म्हणजे मी.

डबल अ‍ॅक्शन म्हणजे काय, हे मला त्यांनी पहिल्याच शनिवारी समजावलं. जुन्या सिंगल अ‍ॅक्शनला आधी अंगठ्यानं घोडा मागे ओढावा लागतो आणि मग चाप ओढायचा. म्हणजे एका कामासाठी दोनदा विनवण्या. डबल अ‍ॅक्शनमध्ये नुसता चाप ओढला की गोळ्यांचं चक्र एक घर पुढे सरकतं, घोडा आपोआप मागे जातो आणि पडतो. "तुझी काकू अशी होती," काका म्हणाले. "एका हाकेत चहा, डबा आणि टोमणा." काकूंना जाऊन सहा वर्षं झाली. त्यांच्याबद्दल काका एवढंच बोलतात, आणि तेही असं यंत्राच्या आडून.

बाकी नियम फार कडक. रिव्हॉल्व्हर हातात घेतलं की काका आधी चक्र उघडतात, सहाही घरं पाहुण्याच्या नाकासमोर धरतात, आणि पाहुणा मोठ्यानं "रिकामं" म्हणेपर्यंत पुढे जात नाहीत. माझी आई इथे आली होती तेव्हा तिनंही पदर सावरून "रिकामं" म्हटलं, आणि वर "बाई, किती घासूनपुसून ठेवलीयेत हो" असं कौतुक केलं. काकांकडे एकही काडतूस नाही. "ह्या घरात गोळ्या फक्त ब्लडप्रेशरच्या," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. उभ्या आयुष्यात त्यांनी एक बार उडवलेला नाही. अंडंसुद्धा खात नाहीत. बेसमेंटमध्ये कोळी निघाला तर त्याला वाटीखाली धरून बाहेर सोडतात, आणि बर्फ असेल तर गराजमध्ये.

मग रिव्हॉल्व्हर कशाला? त्याचं उत्तर साताऱ्यात आहे. काका तिथल्या एका टूलरूममध्ये फिटर म्हणून शिकले. फिटर म्हणजे लोखंडाचे दोन तुकडे कानशीनं घासून एकमेकांत असे बसवणारा माणूस की मधून केस जाऊ नये. चाळीस वर्षांपूर्वी ह्या हातांच्या जोरावर ते ओहायोत आले आणि इथल्या एका कारखान्यात तेच काम करत राहिले. पुढे नवी मशिनं आली, काकांचा विभाग गेला, आणि उरलेली नोकरी त्यांनी टेबलाशी बसून दुसऱ्यांनी केलेले पार्ट मोजण्यात काढली. त्याच सुमारास त्यांनी पहिलं जुनं रिव्हॉल्व्हर विकत घेतलं. बाजूची पट्टी काढून आत बघितलं तर आत कानशीच्या खुणा. कुणीतरी ते हातानं बसवलं होतं.

हल्लीच्या मालात आत काहीच दिसत नाही म्हणे. जुन्यात दिसतं. काका भिंग लावून त्या खुणा वाचतात आणि ज्यानं ते काम केलं तो माणूस कसा होता ते सांगतात. त्याचं खरं नाव कळायला मार्ग नसतो, म्हणून नाव काकाच ठेवतात. अशी त्यांच्याकडे अकरा माणसं होती. सगळी अमेरिकेत जन्मलेली, अमेरिकेतच खपलेली, आणि आता डब्लिनच्या एका तिजोरीत साताऱ्याची नावं घेऊन नांदणारी.

"हा पवार. मनगट दणकट. जरा जास्तीच घासतो, मग सावरून घेतो."

"हा जोशी. जेवढ्यास तेवढं. भोंगा झाला की निघाला."

"ह्याचं नाव सोमवार. त्या दिवशी ह्याला कामावर यायचंच नव्हतं. बघ, इथे चिडलाय."

मला काहीच दिसायचं नाही. मी "हो की!" म्हणायचो.

"आणि ही मावशी." इथे त्यांचा आवाज मऊ व्हायचा. "आतली ही कड बाहेरून कुणाला दिसणार नव्हती. तीसुद्धा घासून बोथट केलीय हिनं, हात कापू नये म्हणून."

"कुणाचा हात?"

"पुन्हा कधी जो उघडेल त्याचा."

"पण काका, बाई कशावरून?"

"पुरुषाला सुचलं असतं का? तुला सुचलं असतं?"

मला सुचलं नसतं. मी एका इन्शुरन्स कंपनीत सॉफ्टवेअर तपासतो. माझ्या कामाबद्दल काकांनी एकदाच चौकशी केली. "उघडून दाखव," म्हणाले. मी म्हटलं, काका, ते असं उघडता येत नाही. "मग कुणी केलंय ते कळतं कसं?" मी म्हणालो, "कळत नाही म्हणूनच आमच्या नोकऱ्या टिकल्यात." माझ्या मते हा बरा विनोद होता. काका हसले नाहीत. त्यांना माझी कीव आली असावी, कारण पुढच्या शनिवारपासून ते मला स्क्रूड्रायव्हर धरायला शिकवू लागले.

वर्षातून एकदा ते मला जुन्या बंदुकांच्या प्रदर्शनाला नेतात, म्हणजे गाडी मी चालवतो. तिथे सगळे धिप्पाड, दाढीवाले, टोपीवाले. त्यांच्यातून काका हाफ स्वेटर आणि माकडटोपी घालून, खिशात स्वतःचे पाच स्क्रूड्रायव्हर आणि पिशवीत थालीपिठाचा डबा घेऊन फिरतात. मागे मी, चोरासारखा. पहिल्या वर्षी डेल नावाच्या एका अवाढव्य दुकानदारानं त्यांना विचारलं, "होम डिफेन्स, सर?"

"नो, नो," काका म्हणाले. "इन माय होम ओन्ली धिस इज वर्थ स्टीलिंग."

"यू हंट?"

"आय डोंट ईट एग्ज."

तेवढ्यात काकांनी डेलच्या टेबलावरचं एक रिव्हॉल्व्हर बघून कपाळाला हात लावला. कुणीतरी चुकीच्या मापाचा स्क्रूड्रायव्हर वापरून स्क्रूची खाच बिघडवली होती. "धिस स्क्रू इज क्राइंग," काका त्याला म्हणाले. माझी अशी खात्री झाली की आता आपल्याला उचलून बाहेर ठेवणार. मी दाराच्या दिशेनं चार पावलं सरकूनही ठेवली होती. पण अर्ध्या तासानं बघतो तर डेलच्या कानात स्टेथोस्कोप, हातात थालीपीठ, आणि डोळे मिटलेले. तेव्हापासून काकांना हवं तसं काही आलं की डेल फोन करतो. मला तो अजून 'द नर्व्हस वन' म्हणतो.

आता खरी गोष्ट. काकांची मुलगी ऋचा व्हर्जिनियात अ‍ॅशबर्नला असते. जन्म इथलाच, नोकरी डेटा सेंटरमध्ये, मराठी सगळं समजतं पण उत्तर अर्धं इंग्रजीत येतं. तिचा मुलगा नील चार वर्षांचा आहे. काकू गेल्यापासून ती म्हणत होती, बाबा, इकडे ये, खालची खोली तुझीच आहे. अट एकच, घरात बंदूक नको. गोळ्या नसोत, कुलूप असो, नील आहे त्या घरात बंदूक येणार नाही. काका म्हणायचे, "बरोबर आहे तिचं." आणि लगेच म्हणायचे, "पण ह्यांना कुठे टाकू?" एका बाजूला नातू, एका बाजूला अकरा माणसं. सहा वर्षं काकांनी कुठलीच बाजू निवडली नाही.

मग गेल्या वर्षीच्या थंडीत ते ड्राइव्हवेवर बर्फावरून घसरले. अर्धा तास तसेच पडून होते. मी वीस फुटांवर, माझ्या घरात, कानाला हेडफोन लावून मीटिंगमध्ये होतो. पोस्टमननं त्यांना बघितलं. हाड मोडलं नाही, पण ऋचाचा धीर मोडला. तिनं मला फोन केला.

"मंदारदादा, यू टॉक टु हिम. ही लिसन्स टु यू."

माझं कुणी ऐकतं हे मला नवीनच होतं. मी फुशारलो. ती पुढे म्हणाली, "तो त्या रिव्हॉल्व्हरचे हार्टबीट्स ऐकतो, दादा. विथ अ स्टेथोस्कोप! ही नेव्हर आस्क्ड मी हाउ स्कूल वॉज." आणि तिनं फोन ठेवून दिला.

मी तडक काकांकडे गेलो. समोर बसलो, घसा साफ केला आणि वय, बर्फ, नातू, एकटेपणा असे मुद्दे काढायला घेतले. काका म्हणाले, "बोल बोल, तोवर हे धर." दोन तासांनी मी घरी परतलो तेव्हा घोड्यामागची स्प्रिंग चपटी का असते हे मला पाठ झालं होतं. ऋचाचं नाव निघालंच नव्हतं. वैशाली म्हणाली, "तुला पाठवणं म्हणजे आंधळ्यानं बहिऱ्याला निरोप देणं." तिला मी सांगितलं नाही, पण माझ्या मनातही चोर होता. काका गेले तर शनिवारी मी काय करणार होतो? गवत तरी किती कापायचं?

ह्या जानेवारीत मात्र काका स्वतःहून म्हणाले, "चार आठवडे जाऊन बघतो ऋचाकडे." जाताना त्यांनी मला तिजोरीचा नंबर दिला. एवढा विश्वास माझ्यावर माझ्या मॅनेजरनं कधी टाकलेला नाही. म्हणाले, "मधे एकदा सगळ्यांना तेल दे. कोरडे पडतील."

"काळजीच करू नका," मी म्हणालो. त्याच वेळी करायला हवी होती.

दोन आठवड्यांनी मी तेल द्यायला उतरलो. काकांच्या टेबलावर सहा-सात बाटल्या होत्या, सगळ्यांवर बारीक अक्षरांत इंग्रजी सूचना. कुठली घ्यायची ते फोन करून विचारता आलं असतं. पण इतक्या शनिवारांनंतर एवढंही विचारायचं म्हणजे नाचक्की. आणि खरं सांगायचं तर तेल म्हणजे काय, हे मराठी माणसाला विचारावं लागतं का? प्रेमानं तेल द्यायचं म्हणजे खोबरेल. मी घरी जाऊन शेगडीजवळची निळी बाटली घेऊन आलो. वैशाली म्हणाली, "अरे, विचार तरी." मी म्हटलं, "तुला त्यातलं काय कळतंय?"

हात आखडता घेतला नाही मी. रविवारी सकाळी आई जशी टाळूवर थापायची तसं थापलं. फटीत सोडलं, भोकात सोडलं, मुठीच्या लाकडाला चोळलं. अकराही जण कसे तुकतुकीत दिसायला लागले. बाटली संपली. मी स्वतःवर खूश होऊन दिवा मालवला आणि वर आलो.

काका नसल्यामुळे त्यांच्या घरचं हीटिंग कमीत कमीवर होतं. बाहेर उणे तापमान. आमच्या नागपूरला डिसेंबरात खोबरेलाची बाटली उन्हात ठेवावी लागायची, हे मला लहानपणापासून माहीत होतं. पण माहीत असणं वेगळं आणि वेळेवर आठवणं वेगळं.

चार आठवडे भरले त्या गुरुवारी दुपारी ऋचा काकांना सहा तास ड्राइव्ह करून घेऊन आली. मी शाबासकी घ्यायला हजर होतोच. काकांनी तिजोरी उघडली आणि बेसमेंटभर नारळाच्या वड्यांचा वास सुटला. आत सगळं पांढरं. चापावर पांढरं, घोड्याच्या मानेवर पांढरं, चक्राच्या खाचांत पांढरं. काकांनी मावशीला बाहेर काढलं. कसंबसं चक्र उघडलं, माझ्यासमोर धरलं.

"रिकामं," मी म्हणालो.

त्यांनी चाप ओढला. चाप मागे गेला आणि तिथेच राहिला. काकांनी स्टेथोस्कोप लावला, बराच वेळ ऐकलं आणि कानातून काढला.

"हिनं बोलणं टाकलंय," ते म्हणाले. मग बोट नाकाशी नेलं. "खोबरेल?"

"हो."

"केसांचं?"

"हो काका. पण चांगल्यातलं होतं."

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ते स्टुलावर बसले. "शनिवारी डेल येतोय," म्हणाले.

"कशाला?"

"ह्यांना न्यायला. चांगली घरं बघून देणार आहे तो एकेकाला. डिसेंबरातच सांगून ठेवलंय."

"डिसेंबरात? मला नाही बोललात?"

"बोललो असतो तर तू मला समजवायला आला असतास."

म्हणजे काकांनी निवडलं होतं. चार आठवडे जाऊन बघतो हे नुसतं म्हणायला, निरोप आधीच ठरला होता, आणि निरोपाच्या तोंडावर मी सगळ्यांना खोबरेलात बुडवून ठेवलं होतं. डेलनं ती घेतली असती का कुणास ठाऊक. पण प्रश्न डेलचा नव्हताच. "अशा अवस्थेत नाही पाठवायचं मला ह्यांना," काका म्हणाले, आणि नखानं मावशीच्या चापावरचं पांढरं खरवडू लागले तेव्हा मला जमिनीनं पोटात घ्यावं असं झालं.

वैशालीनं परिस्थिती बघितली आणि घरून हेअर ड्रायर आणून माझ्या हातात दिला. मी ऑफिसात आजारी असल्याचं कळवलं. शुक्रवारी सकाळपासून आम्ही बसलो. मी ड्रायर मारून तेल वितळवायचो आणि पुसायचो, काका आतलं धुऊन पातळ तेलाचा एकेक थेंब सोडायचे. वर ऋचा खोकी भरत होती. फडताळं उघडल्याचे, बंद केल्याचे आवाज येत होते. जोशी दीड तासात बोलू लागला. सोमवारनं दुपार खाल्ली.

मग काका गोळी घ्यायला वर गेले. जाताना म्हणाले, "लाकडाला हात लावू नकोस, मी काढीन." पवारच्या मुठीच्या लाकडाखालून तेल झिरपत होतं. मी म्हटलं, एकच तर स्क्रू आहे, तेवढंच काकांचं काम हलकं होईल. लाकूड सुटलं आणि आतून एक घडी केलेला कागद पडला. तेल पिऊन तो इतका पातळ झाला होता की उघडायच्या आधीच अक्षर दिसत होतं. काकांचं अक्षर, मराठी.

एवढ्यात रिकामं खोकं घेऊन ऋचा खाली आली. "व्हॉट्स दॅट? वाच ना, दादा."

दुसऱ्याची चिठ्ठी वाचू नये हे मला कळतं. मी वाचली.

"सप्रेम नमस्कार. ह्याचा घोडा किंचित उशिरा पडतो. तो दोष नाही, स्वभाव आहे. कृपया स्प्रिंग कापू नये. आपला, घाटपांडे."

ऋचा हसली. "ओ माय गॉड. सगळ्यांच्यात आहे?" मी सोमवारचं लाकूड काढलं. "हा मनाविरुद्ध केलेला आहे, तरी काम चोख. त्याला रोज बाहेर काढावे असा आग्रह नाही, पण विसरू नये." मावशीची चिठ्ठी सगळ्यात मोठी होती. "हिला एकच थेंब तेल पुरते. आवाज ऐकायचा असेल तर सावकाश ओढावे, घाई केलीत तर ऐकू येणार नाही. आमच्याकडे वीस वर्षे होती, कधी त्रास दिला नाही. संभाळून घ्यावे."

पुढे मला वाचवेना. लेकीची पाठवणी करताना माणसं विहिणीला जसं चाचरत सांगतात तसं ते होतं. ऋचा हसायची थांबली होती.

काका जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभे होते. कधी आले होते कळलं नाही. मी पकडलो गेलो होतो, म्हणून आधी मीच बोललो. "काका, डेलला मराठी कुठे येतं?"

"म्हणूनच मराठीत लिहिलंय," काका म्हणाले. त्यांचे कान लाल झाले होते. "इंग्रजीत लिहिलं असतं तर वाचलं असतं ना त्यानं."

"शाळेत सगळ्यांच्या लंचबॉक्समध्ये नोट असायची, बाबा," ऋचा म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "लव्ह यू, हॅव अ गुड डे, असलं काहीतरी. मी रोज शोधायचे. माझ्या डब्यात थालीपीठ. आणि ह्यांना तू लेटर्स लिहितोस! व्हेअर्स माइन?"

काका खाली येऊन माझ्याजवळ उभे राहिले, माझ्या हातातली मावशीची चिठ्ठी घेतली, तिची पुन्हा तशीच घडी घालू लागले. तेलकट कागद, घडी राहीना. मी तिथून निघून जायला हवं होतं, पण जिना ऋचाच्या पलीकडे होता.

"अगं, ह्या चिठ्ठ्या ज्यांना देऊन टाकायचंय त्यांच्या," अखेर ते म्हणाले. "तुला मी कुणाला देऊन टाकणार होतो का?"

ऋचानं तोंड फिरवलं. टेबलावरचं पहिलं हाती लागलं ते फडकं उचलून ती डोळे पुसायला लागली.

"त्यानं नको गं, तेल आहे त्याला," म्हणत काका स्वेटरखाली हात घालून खिशातला रुमाल शोधू लागले. तो लवकर सापडेना. मी पवारला समोर ओढलं आणि हेअर ड्रायर सुरू केला. वितळवायचं त्यात काही उरलं नव्हतं, पण मोठा आवाज करणारं माझ्याजवळ तेवढंच होतं.